घरच्या माणसांचा रोज

अर्थशास्त्र हे पेढ्या व कारखाने यांच्यापुरते शास्त्र आहे, असा समज आपल्या वर्गात पुष्कळ ठिकाणी आढळतो. म्हणून हा पाठ संवादरूपाने दिला आहे. गंगापूर तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी व अर्थशास्त्राचे एक अध्यापक हे दोघेही कल्पित असून आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

शेतकरी : एकरी सहा क्विंटल कापूस झाला. लासूर स्टेशनास ७,५०० रुपयांच्या भावाने घातला, ४५,००० आले. बी, खत, औषधे, बाहेरची मजुरी, वेचणी व गाडीभाडे मिळून २६,००० गेले. एकोणीस हजार सुटले.

अध्यापक : निंदणी, कोळपणी, फवारणी कोणी केली?

शेतकरी : आम्ही उभयता व थोरला मुलगा. चाळीस रोज भरले असतील. पण घरच्या माणसांना मजुरी कसली?

अध्यापक : तीनशेच्या दराने ते १२,००० होतात. उरले सात हजार. हेच रान मक्त्याने दिले असते तर?

शेतकरी : आठ हजार आले असते.

अध्यापक : म्हणजे हजाराची खोट. आपण जे खाल्ले, तो आपलाच रोज व आपल्याच जमिनीचा मक्ता होता.

शेतकरी : निंदणीच्या दिवसांत रोज कोणीही देईल. उन्हाळ्यात कोण बोलावतो?

अध्यापक : आक्षेप रास्त आहे. ज्या दिवशी अन्यत्र काम नाही, त्या दिवसाचा पुरा रोज धरू नये.

सरकारी हिशेबातही हेच थर आहेत. १९६५ साली स्थापन झालेला कृषी मूल्य आयोग हातून गेलेल्या खर्चास ‘ए-२’, घरच्या श्रमास ‘एफ-एल’ आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज धरून होणाऱ्या खर्चास ‘सी-२’ म्हणतो. २०१८-१९ पासून हमीभाव दीडपट धरला जातो तो पहिल्या दोहोंच्या बेरजेवर. खंड त्यात नाही. वादाचे मूळ तेथेच आहे. वरील शेतकऱ्याचा हा खर्च ३८,०००, क्विंटलला ६,३३३; दीडपट ९,५००. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव मात्र ८,११० होता, कारण आयोग निरनिराळ्या प्रांतांची सरासरी घेतो. याच रानात आठ क्विंटल निघते, तर वेचणीचे दोन हजार वाढूनही क्विंटलचा खर्च ५,००० वर येता.

शेतकरी : थोरला वाळूजच्या कारखान्यात जाईन म्हणतो. जाऊ द्यावे काय?

या प्रश्नाला जुना दाखला आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर गावच्या घराघराचा जमाखर्च विचारून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकर असलेली धारणा तोवर सातांवर आली होती. १०३ कुटुंबांपैकी केवळ जमिनीवर नीट चालणारी ८ होती. बाहेरच्या मजुरीच्या जोडीने तगलेली २८. बाकीची ६७ तुटीत.

अध्यापक : चाळिसांपैकी त्याचे रोज किती?

शेतकरी : पंधरा.

अध्यापक : त्यासाठी मजूर लावल्यास एकरी साडेचार हजार जातील. जितके एकर, तितक्या पटीने धरा. एकीकडे ती रक्कम, दुसरीकडे खोली, जेवण व गाडीभाडे वजा करून त्याचा वर्षाचा उरलेला पगार, असे मांडून पाहा.

शेतकरी : मांडतो. फवाऱ्याचे प्रमाण मात्र घरात त्यालाच कळते. ते कोणत्या बाजूस लिहू?