टिफिनचा धंदा घरातून करताय? आधी गॅसचा हा हिशोब शिका



टिफिनच्या कॉस्टिंगचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. भाजी, तेल, मसाला, डबे, पोरांचं डिलिव्हरीचं पेट्रोल असं सगळं आपण धरलं. आज त्याच वहीत एक पान वाढवायचंय. त्या पानाचं नाव 'गॅस'. फक्त खर्च म्हणून नाही, जीव आणि धंदा दोन्ही सांभाळण्यासाठी.

ऐरोली-महापेची आयटी पार्क, बेलापूरची ऑफिसं, खारघरची कॉलेजं. नवी मुंबईत घरच्या जेवणाला गिऱ्हाईक कमी नाही. त्यामुळे वन बीएचकेच्या किचनमधूनही धंदा उभा राहतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. घरच्या चार माणसांचा स्वयंपाक दोन-तीन तासांत उरकतो. ३० डब्यांसाठी तीच शेगडी सहा-सात तास पेटते. बर्नर, नळी, रेग्युलेटर सगळ्यावर ताण वाढतो. किचन दिसायला घरचंच असतं, काम मात्र छोट्या कारखान्याचं करतं.

गॅसला वास कुठून आला?

आधी एक मजेदार माहिती. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. आपल्याला येतो तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये त्यासाठी इथाइल मरकॅप्टन नावाचं रसायन घालतात.

हा धडा जग फार महागात शिकलं. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत स्फोट झाला. पाइपमधून गळलेला नैसर्गिक गॅस इमारतीखाली साठत राहिला. वास नसल्याने कोणालाच कळलं नाही. सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचे कायदे झाले.

म्हणून वास आला की 'जाऊ दे, जरा वेळाने बघू' म्हणायचं नाही. तो वास म्हणजे तुमच्यासाठी बसवलेला अलार्म आहे. पण या अलार्मच्या दोन मर्यादा आहेत. सर्दी झाली की किंवा वय वाढलं की वास कमी कळतो. आणि एकाच वासात बराच वेळ बसलं की नाकाला त्याची सवय होते. फोडणीच्या वासात तर विचारूच नका. बाहेरून आलेल्या माणसाने 'गॅसचा वास येतोय' म्हटलं, तर आपल्या नाकापेक्षा त्याच्या नाकावर विश्वास ठेवा.

किती गॅस गळला की धोका?

चला, वही काढा. गणित सोपं आहे.

किचन ८ फूट लांब, ८ फूट रुंद, ९ फूट उंच धरा. म्हणजे ५७६ घनफूट, साधारण १६,००० लिटर हवा. सिलिंडरचा गॅस हवेत साधारण २ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. १६,००० चे २ टक्के म्हणजे ३२० लिटर.

आता सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. बाहेर आला की तो सुमारे २५० पट फुगतो. म्हणजे ३२० लिटर गॅससाठी जेमतेम सव्वा लिटर द्रव पुरतो. वजनात पाऊण किलोहूनही कमी! १४.२ किलोच्या सिलिंडरचा फक्त विसावा भाग.

आणि प्रत्यक्षात एवढाही लागत नाही. कारण हा गॅस हवेपेक्षा जड. तो खोलीभर सारखा पसरत नाही, फरशीलगत साठतो. ओट्याखालच्या कपाटात, मोरीत, बंद केलेल्या बाल्कनीत जाऊन बसतो. वर हवा मोकळी असते, पायाशी धोका असतो.

पाइप गॅसचं उलटं. महानगर गॅसच्या पाइपमधून येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका. तो वर छताकडे जातो. त्यामुळे गॅस डिटेक्टर घेताना हा फरक पाहा. सिलिंडर असेल तर डिटेक्टर फरशीपासून फूटभर उंचीवर. पाइप गॅस असेल तर छताजवळ. चुकीच्या उंचीवर लावला तर तो वाजेपर्यंत उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात आपल्याकडे खिडक्या गच्च बंद असतात. ओट्यावर गॅस पेटलेला असताना एक खिडकी तरी फटीएवढी उघडी हवीच. सिलिंडर असेल तर खालच्या बाजूला हवा जायला जागा ठेवा. सामान लावून ती बुजवू नका.

सिलिंडर घेताना पाहायच्या चार गोष्टी

१. तारीख. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही पुढच्या तपासणीची मुदत. ती उलटून गेली असेल तर सिलिंडर परत द्या. भांडायची गरज नाही, तो तुमचा हक्क आहे.

२. वजन. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. डिलिव्हरीवाल्या दादांकडून समोर वजन करून घ्या.

३. वॉशर आणि सील. टोपी काढल्यावर आतली रबरी रिंग जागेवर आहे ना, ते जोडण्याआधी बघा.

४. नळी. आयएसआय मार्कची सुरक्षा नळीच वापरा आणि ५ वर्षांत बदला. तडा दिसला तर लगेच. नळीवर कापड किंवा प्लॅस्टिक गुंडाळू नका. तडा लपतो.

गळतीची शंका आली तर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती पक्की. काडी पेटवून बघणारे अजूनही आहेत. तुमच्या घरात कुणी असेल तर आजच सांगा.

लाल की निळा?

आता धंद्याचा मुद्दा. १४.२ किलोचा लाल सिलिंडर हा घरच्या स्वयंपाकासाठी आहे. त्यावर विकायचं जेवण बनवणं नियमात बसत नाही. धंद्यासाठी १९ किलोचा निळा सिलिंडर असतो, छोट्या सुरुवातीला ५ किलोचाही मिळतो. पाइप गॅस असेल तर व्यावसायिक जोडणीची चौकशी करा. सोसायटीलाही आधी विचारा.

'सर, निळा महाग पडतो!' हो, पडतो. म्हणूनच तो डब्याच्या किमतीत धरायचा. स्वस्त लाल गॅसवर बसवलेला दर हा खोटा दर आहे. उद्या अपघात झाला तर विम्याचा दावाही त्यावरून अडकू शकतो.

नियम कागदावर राहिले की काय होतं, याचं उदाहरण जवळचंच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये कुर्ल्याच्या सिटी किनारा हॉटेलमध्ये गॅसगळतीनंतर आग लागली. जेवायला आलेले ८ जण गेले, त्यात बहुतेक विद्यार्थी होते. जवळपास दहा वर्षांनी, जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेला प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपये द्यायला सांगितलं. पैसे मिळाले तरी मुलं परत येत नाहीत. गिऱ्हाईक आपल्यावर विश्वास टाकून जेवतं. शेजारी भिंतीपलीकडे झोपलेले असतात. ही जबाबदारी धंद्याबरोबरच येते.

वास आला तर, या क्रमाने

१. शेगडी बंद, रेग्युलेटर बंद. सिलिंडरवर सेफ्टी कॅप लावा. पाइप गॅस असेल तर मेन व्हॉल्व्ह बंद.

२. कुठलंही बटण दाबू नका. लाइट, पंखा, एक्झॉस्ट जे चालू आहे ते चालू, जे बंद आहे ते बंद. बटणाची छोटी ठिणगीही पुरते.

३. देवासमोरचा दिवा, उदबत्ती जळत असेल तर विझवा. दारं-खिडक्या उघडा.

४. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. शेजाऱ्यांची बेल वाजवू नका, दार ठोठवा. लिफ्ट नको, जिना.

५. फोन बाहेर गेल्यावरच करा. सिलिंडरसाठी १९०६, चोवीस तास. पाइप गॅससाठी बिलावरचा आपत्कालीन नंबर. आग लागली तर १०१.

आणि कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी कधीच टाकू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल अंगावर उडतं. गॅस बंद करा, कढईवर मोठं झाकण सरकवा आणि थंड होईपर्यंत उचलू नका. तळण करताना झाकण हाताशी ठेवायची सवय लावा.

वहीतलं नवं पान

सिलिंडर जोडला ती तारीख लिहा. संपला ती तारीख लिहा. मधे किती डबे गेले ते लिहा. सिलिंडरच्या किमतीला डब्यांनी भागा. हा तुमचा खरा गॅस खर्च.

याचा दुसरा फायदा ऐका. समजा एक सिलिंडर नेहमी ४०० डबे देतो आणि या वेळी ३३० वरच संपला. मेनू तोच, माणसं तीच. मग कुठेतरी बिघाड आहे. बर्नर तुंबून ज्योत पिवळी झाली असेल, नाहीतर बारीक गळती असेल. नाकाला जे कळलं नाही ते वही सांगते.

आजचा गृहपाठ: सिलिंडरची तारीख वाचा, नळीचं वर्ष बघा आणि १९०६ हा नंबर किचनच्या दाराबाहेर चिकटवा. कामाला मावशी येत असतील तर त्यांना हे पाच टप्पे करून दाखवा, कारण तुम्ही डिलिव्हरीला गेलात की किचन त्यांच्या हातात असतं. तुमच्या सिलिंडरवर कुठलं अक्षर आहे, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.

भेटू पुढच्या धड्यात. धंदा वाढवा, जपून वाढवा!