गारठलेला गोंद

(खोकी बंद करण्याची चिकटपट्टी आपण सर्वजण वापरतो. पण कडक थंडीत तीच पट्टी नीट चिकटत नाही. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, हे या पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तपकिरी रंगाची रुंद चिकटपट्टी तुम्ही दुकानात पाहिली असेल. दुकानदार पुठ्ठ्याच्या खोक्यात माल भरतो, वरची झाकणे मिटतो आणि 'चर्रर्र' आवाज करत पट्टी ओढतो. झाला खोका बंद! मुंबईच्या हवेत ही पट्टी सहसा दगा देत नाही. पण हीच पट्टी शीतगृहात किंवा काश्मीरच्या ऐन हिवाळ्यात लावून पाहा. ती खोक्यावर बसते, पण खोका धरत नाही. थोड्या वेळाने तिचे एक टोक उचलले जाते आणि मग सगळी पट्टी सुटून येते.

उर्दूत आपण थंडीच्या दिवसांना 'सर्दी' म्हणतो. मराठीत मात्र सर्दी म्हणजे नाक गळण्याचा आजार. मग चिकटपट्टीला काय होते? तिला सर्दी होत नाही, ती गारठते. गारठणे म्हणजे थंडीने ताठ होणे. ताठ होते ते मुख्यतः तिच्या पाठीवरचे गोंदासारखे द्रव्य.

आधी चिकटपट्टीची रचना समजून घेऊ. तिच्यात दोन मुख्य थर असतात. वरचा थर पातळ प्लॅस्टिकचा असतो. हे प्लॅस्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन नावाचे असते. खालचा थर चिकटद्रव्याचा असतो. अशी पट्टी ओली करावी लागत नाही किंवा तापवावी लागत नाही. नुसती दाबली की ती चिकटते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली रंगाऱ्यांसाठी कागदी चिकटपट्टी तयार केली. १९३० साली त्यांचीच पारदर्शक पट्टी बाजारात आली. आजच्या पट्ट्या त्याच घराण्यातल्या आहेत.

आता प्रश्न असा, की नुसत्या दाबाने पट्टी चिकटते कशी? पुठ्ठा हाताला गुळगुळीत लागतो. पण भिंगातून पाहिले तर त्यावर कागदाचे तंतू, खाचा आणि उंचवटे दिसतात. पट्टीवरचे द्रव्य अर्धे पातळ, अर्धे घट्ट असते. आपण बोट फिरवतो तेव्हा ते थोडेसे वाहते आणि त्या खाचांत शिरते. जितक्या जास्त खाचा भरतात, तितकी पकड पक्की होते. म्हणजे या द्रव्याला दोन कामे करावी लागतात. आधी पाण्यासारखे वाहायचे आणि मग रबरासारखे धरून ठेवायचे.

थंडीत पहिले काम बिघडते. मधाची बाटली थंडीच्या दिवसांत तिरपी करा. मध खाली यायला किती वेळ लागतो! चिकटद्रव्याचेही तसेच असते. त्याचे रेणू लांब दोऱ्यांसारखे असतात. उबेत हे दोरे सहज हलतात, एकमेकांवरून सरकतात. तापमान उतरले की त्यांची हालचाल मंदावते. फारच उतरले की द्रव्य काचेसारखे कडक होते. मग ते खाचांत शिरत नाही, नुसते उंचवट्यांवर टेकते. आपल्याला वाटते पट्टी लागली. खरे तर ती फक्त ठेवलेली असते.

थंडीत आणखी दोन अडचणी येतात. पहिली अडचण प्लॅस्टिकची. पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास आणि त्याखाली ठिसूळ होऊ लागते. खोका आपटला की अशी पट्टी तडकू शकते. दुसरी अडचण ओलाव्याची. थंड खोका बाहेरच्या दमट हवेत आणला की त्यावर पाण्याचे बारीक थेंब जमतात. शीतगृहात कधी हिमाचा पातळ थर बसतो. अशा वेळी पट्टी पुठ्ठ्याला चिकटतच नाही, ती पाण्याला किंवा हिमाला चिकटते. शिवाय पुठ्ठा ओला झाला की त्याचे तंतू सैल होतात.

तुम्ही म्हणाल, एक पट्टी सुटली तर एवढे काय बिघडले? कोकणच्या किनाऱ्यावरची कोळंबी गोठवून परदेशी पाठवतात. ती उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावी लागते. खोके उघडे पडले तर थंड, कोरडी हवा मालातले पाणी शोषून घेते. कोळंबी सुकते आणि तिची चव जाते. रक्तपेढीतला प्लाझ्मा तर उणे ३० अंश किंवा त्याहूनही खाली गोठवून ठेवतात. प्रत्येक पिशवीवर रक्तगट आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. ती चिठ्ठी गळून पडली, तर पिशवी कोणत्या गटाची आहे हे कसे कळणार? न ओळखलेली पिशवी रुग्णाला देता येत नाही. कोणीतरी मनापासून केलेले रक्तदान वाया जाते. म्हणून अशा पिशव्यांसाठी थंडीत टिकणारा खास गोंद वापरावा लागतो.

थंडीने ताठ झालेल्या रबराने एकदा फार मोठा घात केला. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मरण पावले. त्या सकाळी तापमान जेमतेम २ अंश सेल्सिअस होते. रॉकेटच्या सांध्यातील फट बंद ठेवणारी रबरी कडी थंडीने ताठ झाली होती. पुढे चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा काढल्यावर तुकडा लगेच पूर्वीसारखा झाला नाही. ती कडी चिकटपट्टी नव्हती. पण लांब रेणूंचे थंडीत मंदावणे दोन्हीकडे सारखेच आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे योग्य पट्टी निवडणे. काही पट्ट्यांवर कृत्रिम रबराचे द्रव्य असते. ते नेहमीच्या हवेत झटकन पकड घेते, पण कडक थंडीत ताठ होते. काही पट्ट्यांवर अ‍ॅक्रिलिकचे द्रव्य असते. त्याची पकड हळूहळू वाढते, पण ते थंडी आणि ऊन दोन्ही चांगले सोसते. शीतगृहासाठी मुद्दाम मऊ ठेवलेल्या द्रव्याच्या पट्ट्याही मिळतात.

दुसरा उपाय पैसे न खर्चता होतो. शक्य असेल तेव्हा खोका उबदार जागेत बंद करावा आणि मग थंडीत न्यावा. द्रव्य एकदा खाचांत शिरले, की नंतरच्या थंडीत ते सहसा बाहेर येत नाही. पट्टीचे रीळही रात्रभर गार जागेत ठेवू नये. पुठ्ठा कोरडा आणि स्वच्छ असावा. पट्टी लावल्यावर तिच्यावरून हात जोराने फिरवावा. तिची टोके खोक्याच्या बाजूंवर चार बोटे तरी उतरवावीत. खोक्यात माल कोंबू नये, कारण फुगलेली झाकणे पट्टीला सतत वर ढकलतात.

हे सर्व तुम्ही घरी पडताळून पाहू शकता. पुठ्ठ्याचे दोन सारखे तुकडे घ्या. एकावर खोलीतच पट्टी लावून चांगली दाबा आणि तो फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दुसरा कोरा तुकडा आणि पट्टीचे रीळ एका बंद पिशवीत घालून त्याच कप्प्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी रीळ काढून लगेच कोऱ्या तुकड्यावर पट्टी लावा आणि तो तासभर पुन्हा आत ठेवा. मग दोन्ही पट्ट्या हळूहळू ओढा. पहिली पट्टी बहुधा कागदाचे तंतू घेऊनच निघेल. दुसरी सहज सुटेल. पट्टी एकच, पुठ्ठा एकच. फरक फक्त लावण्याच्या वेळेचा.

मित्रांनो, खोका बंद करणारा हमाल, मासळी भरणारी कामगार स्त्री आणि रक्तपेढीतला कर्मचारी यांची नावे आपल्याला कळत नाहीत. त्यांनी पट्टीवरून नीट हात फिरवला, म्हणून माल आणि औषध आपल्यापर्यंत चांगल्या स्थितीत पोहोचते. पुढच्या वेळी घरात खोका बंद करायचे काम तुमच्याकडे आले, तर तुम्हीही तेवढे कष्ट घ्या.

शब्दार्थ
दगा देणे – ऐनवेळी फसवणे
शीतगृह – माल थंड ठेवण्याची जागा
ठिसूळ – सहज मोडणारे
दमट – ओलसर
घात करणे – मोठे नुकसान करणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चिकटपट्टीत कोणते दोन थर असतात?
(आ) रिचर्ड ड्रू यांनी कागदी चिकटपट्टी कोणत्या साली तयार केली?
२. कारणे द्या.
(अ) थंडीत लावलेली पट्टी लवकर सुटते.
(आ) खोक्यात माल कोंबू नये.
३. 'सर्दी' या शब्दाचा उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगा. असे आणखी दोन शब्द शोधा.
४. पाठातील प्रयोग करा आणि तुम्हाला काय आढळले ते पाच वाक्यांत लिहा.