चि. भाच्यास, भादलीच्या संध्याकाळींविषयी

चिरंजीव भाच्यास धुळ्याहून थोरल्या मामाचे आणि मामीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र ज्या कारणाने लिहिले जात आहे ते आरंभीच नमूद केलेले बरे. वादळात केळीची बाग आडवी झाल्यापासून चिरंजीव रोज संध्याकाळी भादली स्टेशनावर जाऊन फलाटाच्या टोकाला एकटाच बसतो, अंधार पडल्यावर घरी येतो, जेवणाला नको म्हणतो आणि कोणी विचारलेच तर प्रार्थनेला गेलो होतो एवढेच सांगतो, असे वर्तमान एकाकडून नव्हे तर दोघांकडून धुळ्यास पोहोचले आहे. त्या दोघांपैकी एकाला तिखटमीठ लावून सांगण्याची सवय आहे हे घरात सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्याला ती नाही, आणि म्हणूनच मामा-मामीच्या झोपेचे खोबरे झाले आहे.

याच्या जोडीने असेही कळले, की बाहेरगावाहून आलेल्या कोणा प्रवचनकाराने चिरंजीवाला, ज्याचा विश्वास पक्का असतो त्याच्या अंतःकरणात संकटातही अखंड शांती असते आणि ती नसेल तर विश्वासातच खोट आहे, असे ऐकवले, आणि तेव्हापासून त्याने रविवारच्या उपासनेला येणे सोडले. हे विधान कानाला कितीही गोड लागले तरी शास्त्राला धरून नाही. पवित्र शास्त्रातील स्तोत्रसंहिता, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती उपासनेत शतकानुशतके गायिली जाणारी 150 स्तोत्रे, उघडून पाहिली तर त्यांतील फार मोठा भाग विलाप-स्तोत्रांचा आहे. विलाप-स्तोत्र म्हणजे ज्यात भक्त आपले दुःख, आपला संताप, इतकेच नव्हे तर देवाविरुद्धची आपली तक्रारसुद्धा देवासमोरच मांडतो ते स्तोत्र. अशी बहुतेक स्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, पण 88वे स्तोत्र तेही करीत नाही, ते काळोखातच संपते; आणि तरीही ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी ते गाळले नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ज्या धर्मग्रंथाने तक्रारीला उपासनेत जागा दिली, त्याच्या नावाने एका खचलेल्या शेतकऱ्याला अविश्वासू ठरवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हे त्या प्रवचनकारालाच विचारायला हवे.

शांतीविषयी सर्वाधिक सांगितला जाणारा उतारा प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला धाडलेल्या पत्रात आहे, आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले हे प्रत्येक उपदेशक सांगतो. मात्र त्याच पत्राच्या त्याच शेवटच्या अध्यायात, शांतीच्या त्या ओळींनंतर थोड्याच अंतरावर, फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीची पौलाने मनमोकळी पोच दिली आहे, हे क्वचितच सांगितले जाते. ज्याला सर्व बुद्धीपलीकडची शांती लाभली होती, त्याला दुसऱ्याने पाठवलेली मदत घेण्यात कमीपणा वाटला नाही. चिरंजीवाने मात्र सोसायटीच्या कर्जाची रक्कम मामापासून लपवली, धाकट्या भावालाही शपथ घातली, आणि पाळक, म्हणजे मंडळीची देखभाल करणारे धर्मगुरू, दारी आले असता ओट्यावरूनच त्यांची बोळवण केली. हे वागणे चुकीचे आहे आणि तसे स्पष्ट सांगणे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. बहिणीच्या माघारी तिच्या मुलाने परक्यासारखे वागावे, याहून मोठा अपमान मामाचा दुसरा कोणी केलेला नाही.

गेथशेमाने बागेतील रात्रीचा प्रसंग चिरंजीवाला बालपणापासून पाठ आहे. त्या रात्री ख्रिस्ताने प्रार्थना केली हे खरे, पण प्रार्थनेला जाताना त्याने पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना बरोबर नेले आणि जवळपास जागत राहण्याची विनंती केली. ते झोपले, हा त्यांचा दोष. मरणाएवढ्या खेदाच्या वेळी ज्याला माणसे जवळ हवीशी वाटली, त्याच्या अनुयायाने रेल्वेच्या रुळांकडे तोंड करून एकट्याने बसण्याला प्रार्थना म्हणावे, हे पटत नाही. प्रार्थनेला जागेचे बंधन नाही, हे मान्य. मग ती जागा भादलीचा फलाटच का असावी, हा प्रश्न उरतोच.

भादलीचे नाव काढताच खानदेशातील कोणाही वाचत्या माणसाला जे आठवते, ते चिरंजीवाच्या आईला फार आठवत असे. 1907 मध्ये जळगावात कविसंमेलन भरले आणि धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाला तेथे ‘बालकवी’ हे नाव मिळाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखी माया लावली. त्या ख्रिस्ती घरात तो हिंदूच राहिला आणि तरीही घरचाच झाला. 5 मे 1918 रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून त्याचा अपघाती अंत झाला, तेव्हा त्याची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पुढच्याच वर्षी, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळक वारले. या दोन मृत्यूंमधून गेलेल्या लक्ष्मीबाईंनी टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’, म्हणजे ख्रिस्तचरित्रावरील काव्य, पुढे पूर्ण केले, आणि 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध होऊ लागले. त्या पुस्तकात आपल्याला शांती मिळाल्याचा गाजावाजा कोठे नाही. भांडणे आहेत, उपासमार आहे, नवऱ्याच्या लहरीपणाने काढलेले डोळ्यांतले पाणी आहे, आणि पुढच्याच पानावर वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा; मधल्या पाच वर्षांत त्या बाईने काय सोसले हे ज्याने वाचले आहे तो, विश्वास ठेवला की मन लगेच निवांत होते, असे म्हणायला धजणार नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. दुष्काळात आईवडील गेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले, आणि 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु अंतरीचे समाधान त्या वेळी आपल्याला लाभले नव्हते, धर्म मिळाला होता पण ख्रिस्त भेटायचा होता आणि ती भेट पुढे काही वर्षांनी झाली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. केडगावचे मुक्ती मिशन उभारणारी विदुषी जर इतकी वर्षे वाट पाहू शकते, तर एका हंगामात बाग आणि त्याआधीच्या हिवाळ्यात आई गमावलेल्या तरुणाने आपल्या मनाला एवढी घाई का करावी?

या ठिकाणी मामाच्या तरुणपणाचा उल्लेख टाळता येत नाही. चिरंजीवाच्या आजोबांना, बापूंना, भुसावळच्या नोकरीतून घरी बसावे लागले त्या साली हा मामा मंडळीत दर रविवारी उभा राहून साक्ष देत असे. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केले हे सर्वांसमक्ष सांगणे. घरी चिरंजीवाची आई, तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची, बापूंना सांभाळत होती. एका रात्री तिने थोडा वेळ सोबत बसण्याची विनवणी केली, तेव्हा मामाने तिला एका कागदावर शास्त्रातले वचन लिहून दिले आणि तो झोपायला गेला. वचन योग्य होते. तो कागद तिने अखेरपर्यंत तिच्या शास्त्रात जपला, आणि तिच्या मृत्यूनंतर तो हाती आला तेव्हा मामाला तो वाचवला नाही. भादलीचा विषय या पत्रात पुन्हा पुन्हा येतो आहे त्याचे कारण चिरंजीवाने यावरून ओळखावे.

तेव्हा आता वचने पुरेत. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, उठवून पुन्हा खाऊ घातले, आणि डोंगरावर देवाशी झालेली ती प्रसिद्ध भेट त्यानंतरची आहे. चिरंजीवानेही आधी दोन वेळा पोटभर जेवावे. रात्रभर झोप लागत नसेल, सकाळी उठवत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ते पाप नव्हे आणि विश्वासाची उणीवही नव्हे. तो आजार असू शकतो, आणि त्यावर जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार होतात. केंद्र शासनाची टेली मानस ही दूरध्वनी सेवाही आहे, क्रमांक 14416, ती रात्री-अपरात्री चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. औषधाची गोळी घेतल्याने प्रभू रुसत नाही. आणि जीव नकोसा झाल्याचा विचार खरोखरच मनात येत असेल तर तो मामाला सांगावा, जसा येतो तसा सांगावा. रागावले जाणार नाही, हा शब्द समजावा.

बागेविषयी थोडे. धाकट्याने फोनवर पाठवलेले फोटो पाहिले आहेत: निसवलेली झाडे एकाच दिशेने पडलेली, भरणी न झालेले घड चिखलात, आणि त्यांच्याखाली दबलेल्या ठिबकच्या नळ्या. असा माल व्यापारी उचलत नाही, हे सांगायला शेतकी शिकावी लागत नाही. पण ते वादळ एकट्या चिरंजीवाच्या बांधावर आले नव्हते, आणि वाऱ्याला विश्वासाची पारख नसते, हे त्याने ध्यानी घ्यावे. पंचनामा झाला आहे, विम्याचे पैसे यायचे तेव्हा येतील. तोवर नळ्या वाचवाव्यात, आणि कंद शाबूत असतील तेथे पिलबाग धरता येईल का ते शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे. कर्जाचा आकडा पत्राने कळवू नये, तोंडाने सांगावा. नवापूरच्या आजीच्या वाट्याचे जे मामाकडे आहे त्यात चिरंजीवाच्या आईचा हिस्सा आहेच, त्यासाठी कोणाच्या पाया पडायचे नाही.

वर पाळकांच्या बाबतीत शब्द जरा कठोर गेले. ते मागे घेतलेले नाहीत, पण चिरंजीवाने ते मनाला लावून घेऊ नयेत. उपासनेला यायचे नसेल तर काही आठवडे येऊ नये, देवाचे त्यावाचून अडत नाही. फक्त संध्याकाळी धाकट्याला बरोबर घेऊन मेहरूण तलावाकडे चक्कर मारावी.

शनिवारी सकाळच्या एसटीने मामा आणि मामी पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला येत आहेत. चिरंजीवाने बसस्थानकावर यावे, पिशव्या जड असतील. मामीने उन्हाळ्यात घातलेल्या बिबड्या तिने निम्म्या त्याच्यासाठी राखून ठेवल्या आहेत, कळण्याचे पीठही बांधले आहे, भाकरी ती तेथेच करील. परतीचे तिकीट काढलेले नाही. रात्री बोलावेसे वाटले तर बोलावे, न वाटले तर मामा शेजारी खाट टाकून झोपेल. त्याच्या घोरण्याबद्दल चिरंजीवाने आईप्रमाणेच खुशाल कुरकुर करावी.