आकाशात ‘रस्ता बंद’ कोण करतं?

प्रश्न : माझा भाचा गोंदियाजवळच्या बिरसीला विमान चालवायला शिकतो. मध्यंतरी त्याची एकट्यानं रायपूरला जाण्याची ‘क्रॉस-कंट्री’ ठरली होती. जाताना तो आमच्या हुडकोजवळूनच जाणार, म्हणून आम्ही सगळे गच्चीवर जायच्या तयारीत होतो. पण सकाळीच फोन आला, ‘मावशी, नोटम आलाय, आजचं रद्द.’ कुणी मोठे पाहुणे येणार होते, एवढंच कळलं. रस्ता बंद करायचा तर पोलीस बॅरिकेड लावतात. आकाशात हे कोण करतं, आणि वैमानिकाला ते कळतं कसं? एखादा चुकून आत शिरलाच, तर? आणि पुतणीच्या लग्नासाठी आम्ही ड्रोनवाला ठरवलाय, त्यालाही हे नियम लागतात का?
— एक वाचक, हुडको, भिलाई

उत्तर : बंद केलेलं आकाश आणि उघडं आकाश दिसायला अगदी एकसारखं असतं. वर बॅरिकेड नाही, शिपाई नाही, लाल दिवा नाही. बंदी असते ती फक्त कागदावर आणि घड्याळात. म्हणून वैमानिकाला ती उडण्याआधीच वाचून नकाशावर उतरवून घ्यावी लागते. तुमच्या भाच्यानं सकाळी फोन केला, याचा अर्थ त्याच्या शाळेत हे वाचन नीट होतं. मला त्याचा आनंद वाटला.

आधी तुमची गच्ची. बिरसीच्या धावपट्टीपासून रायपूरच्या माना विमानतळापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे ८४ नॉटिकल मैल, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या थोडी वर भरते आणि भिलाईच्या किंचित उत्तरेकडून जाते. व्यावसायिक परवान्यासाठी किमान ३०० नॉटिकल मैलांचं एक मोठं उड्डाण करावं लागतं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. बिरसी, रायपूर, नागपूर आणि परत बिरसी असा त्रिकोण घेतला तर हे अंतर पुरं होतं. गंमत अशी, की रायपूर-नागपूर ही रेघसुद्धा दुर्ग-भिलाईला लागूनच जाते. तेव्हा तुमच्या भागात बंदी आली की त्रिकोणाच्या तीनपैकी दोन बाजू अडतात.

आता समजा, भिलाईभोवती १० नॉटिकल मैल त्रिज्येचं वर्तुळ काही तासांसाठी बंद केलं. सरळ न जाता त्याच्या कडेकडेनं वळसा घातला, तर अंतर वाढतं जेमतेम तीन-चार नॉटिकल मैल. ताशी १२० नॉटच्या छोट्या विमानाला दोन मिनिटं जास्त! हेच वर्तुळ ३० मैलांचं केलं तर चित्र पालटतं, कारण भिलाईपासून रायपूर विमानतळ २० मैलांवरच आहे. मग वळसा घालून उपयोग नाही. जिथे उतरायचं तेच ठिकाण आत गेलं. बंदीचा आकार किती, यावर सगळं अवलंबून असतं ते असं.

मग वर्तुळ लहान असलं तरी उड्डाण रद्द का होतं? आपल्याकडे हवाई संरक्षण क्षेत्रातून उडायचं तर हवाई दलाकडून एडीसी म्हणजे हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो तुम्ही भरलेल्या मार्गासाठी असतो. मार्ग बदलला की फ्लाइट प्लॅन पुन्हा भरा, मंजुरी पुन्हा मागा. विद्यार्थी एकटा जाणार असेल तर इन्स्ट्रक्टरनं नवा मार्ग, इंधन, पर्यायी विमानतळ हे सगळं पुन्हा तपासून सही द्यायची. त्यात डोळ्यांनी जमीन बघत केलेलं उड्डाण सूर्यास्ताच्या आत संपायला हवं. एवढी जुळवाजुळव करण्यापेक्षा ‘आज नको’ म्हणणं शहाणपणाचंच.

बंदीची सूचना ज्या कागदावर येते तो नोटम. गरज सांगणारे वेगवेगळे असतात : हवाई दल, सुरक्षा यंत्रणा, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. प्रसिद्ध करतं ते भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं नोटम कार्यालय. कायमची बंदी असलेल्या जागा वेगळ्या. त्या नकाशावर छापलेल्याच असतात. दिल्लीचं राष्ट्रपती भवन, तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मुंबईत मलबार हिलवरचा पारशांचा दखमासुद्धा या यादीत आहे. मृतांच्या एकांताचा मान राखण्यासाठी आकाशातली वाट बदलायची, ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

नोटमची भाषा मात्र नवख्याला घाम फोडते. ठरावीक खाने असतात : बंदी कुठे, कधीपासून, कधीपर्यंत, रोज कोणत्या वेळेत, मजकूर काय, खालची उंची किती, वरची किती. जागा अक्षांश-रेखांशात, अंतर नॉटिकल मैलात, उंची फुटांत. आणि वेळ? ती जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. कागदावर ०४३० ते ०७३० असेल तर बंदी आपल्या सकाळी दहा ते दुपारी एक. झोपेत किंवा घाईत साडेपाच तास मिळवायचे राहिले, की माणूस बंद आकाशात अगदी निर्धास्तपणे शिरतो. मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद केले होते, तेव्हा वर्तमानपत्रांत ‘१५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत’ अशी चमत्कारिक वेळ छापून आलेली तुम्हाला आठवत असेल. ती मुळात १४ मेची रात्री २३५९ होती, जागतिक वेळेतली. पुढे १२ मे रोजीच ते विमानतळ उघडले. म्हणजे नोटम मुदतीआधी उठूही शकतो आणि वाढूही शकतो. आदल्या रात्री वाचून झोपलं आणि सकाळी पुन्हा पाहिलंच नाही, असं चालत नाही ते यासाठी.

कारणंही नाना तऱ्हेची. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी दिल्लीचं आकाश ठरावीक तास बंद होतं. २०२४ मध्ये १९ ते २६ जानेवारी या काळात सकाळी १०.२० ते १२.४५ दिल्लीत एकही विमान उतरलं वा उडालं नाही. बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र चाचणी असली की समुद्रावरचा लांबलचक पट्टा बंद. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी नवा रायपूरवर हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती झाल्या. अशा वेळी त्या नऊ हॉक विमानांना आकाश मोकळं करून द्यावंच लागतं. आणि मग तुमच्याकडचे मोठे पाहुणे. १४ जून २०१८ रोजी पंतप्रधान भिलाईत आले होते, पोलाद कारखान्याच्या विस्ताराचं लोकार्पण तेव्हाच झालं आणि जगदलपूर-रायपूर विमानसेवाही त्याच दौऱ्यात सुरू झाली.

यातला फरक लक्षात घ्या. संचलन, चाचणी, कसरती हे आधी ठरलेलं असतं. अशा बंदीची सूचना निदान सात दिवस आधी द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दंडकच आहे. सूट आहे ती आणीबाणीच्या कामांना. पण अतिमहत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा सुरक्षेपायी उशिरा उघड होतो, ऐन वेळी बदलतोही. मोठ्या विमान कंपनीला त्याची फारशी झळ बसत नाही, कारण तिथे नोटम चाळायला स्वतंत्र खातं रात्रंदिवस जागं असतं. खासगी परवान्याचा वैमानिक एकटाच असतो. सतराव्या वर्षी, चाळीस तासांच्या उड्डाणानंतर हा परवाना मिळू शकतो. हवामान, इंधन, वजन, मंजुऱ्या, नोटम, सगळं त्याच एका डोक्यावर. सुरक्षेला माझा विरोध नाही, पण बंदी शक्य तितकी लहान, थोड्या वेळाची आणि समजेल अशा भाषेत असावी, हे मी आग्रहानं म्हणेन. साध्या नकाशावर रंगवलेलं वर्तुळ आणि शेजारी भारतीय वेळ, एवढं दिलं तरी कितीतरी चुका टळतील.

चुकून आत शिरलं तर काय, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं. ११ मे २००५ रोजी पेनसिल्व्हेनियातून नॉर्थ कॅरोलायनाच्या विमान-मेळाव्याला निघालेलं दोन आसनांचं सेसना १५० वाट चुकून वॉशिंग्टनच्या बंद आकाशात शिरलं. व्हाइट हाउस आणि संसद भवन रिकामं करावं लागलं. एफ-१६ विमानं वर गेली, हेलिकॉप्टर गेलं, आणि त्या विमानाला मेरिलंडमधल्या फ्रेडरिकला उतरवलं. आत दोघे होते, एक परवानाधारक, एक शिकाऊ. परवाना गेला तो परवानाधारकाचा. विमानात जाणता कोण, हे पाहिलं गेलं. आजही तिथे राष्ट्राध्यक्ष जातील तिथे ३० नॉटिकल मैलांचं वर्तुळ पडतं, आतल्या १० मैलांत खासगी विमानाला प्रवेशच नाही. बाहेरच्या कड्यात फ्लाइट प्लॅन भरून, दिलेला ट्रान्सपॉन्डर कोड लावून, नियंत्रकाशी बोलत थेट उतरता येतं, पण शिकवणीचं उड्डाण करता येत नाही. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळींना बेडमिन्स्टर ठाऊक असेल. ५ जुलै २०२५ रोजी, राष्ट्राध्यक्षांच्या मुक्कामामुळे बंद असलेल्या तिथल्या आकाशात शिरलेल्या एका छोट्या विमानाचं लक्ष वेधायला एफ-१६ ला त्याच्या पुढ्यातून आडवं जावं लागलं.

लढाऊ विमान शेजारी आलंच, तर काय करायचं हे जगभर ठरलेलं आहे, आणि तुमच्या भाच्याला ते पाठ असणार. ते सहसा डावीकडे थोडं पुढे येऊन पंख हलवतं. अर्थ, ‘तुला अडवलंय, माझ्यामागे ये.’ आपणही पंख हलवायचे, रेडिओ १२१.५ मेगाहर्ट्झवर लावायचा, आणि ते वळेल तसं वळायचं. धावपट्टीवर घिरट्या घालत त्यानं चाकं खाली सोडली, की तिथे उतरायचं. पळायचं नाही, अचानक वळायचं नाही. शिवाय भारतात दंड आणि परवान्यावरची कारवाई होते ती वेगळीच.

राहिला ड्रोनवाला. हो, नियम त्यालाही लागतात. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटलेलं आहे. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं. पण पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी गरज पडल्यास एखादा भाग एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. ही जाहीर सूचना सरकारच्या डिजिटल स्काय व्यासपीठावर निघते. तेव्हा ड्रोनवाल्याला दोन गोष्टी विचारा : ड्रोनची नोंदणी झालेली आहे ना, आणि लग्नाच्या दिवशी सकाळी तो नकाशा पाहणार आहे ना. महिन्याभरापूर्वी पाहिलेला नकाशा त्या दिवशी कामाचा नाही.