संगणकातील टोपणनावे

विष्णु वामन शिरवाडकर हे पूर्ण नाव. पण 'कुसुमाग्रज' म्हटले की वाचकापुढे तीच व्यक्ती उभी राहते. संगणकातही अशी सोय आहे. तिला 'एलियस', म्हणजे टोपणनाव, असे म्हणतात.

लिनक्स किंवा मॅक असलेल्या घरच्या संगणकावर आज्ञा टाइप करूनही काम करता येते. त्या आज्ञा वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला 'शेल' म्हणतात. संगणकात कप्प्यात कप्पा अशी रचना असते; एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्याची आज्ञा 'सीडी'. कप्पा जितका आत, तितका त्याचा पत्ता लांब. तो दिवसातून दहा वेळा टाइप करणे कंटाळवाणेच.

कोणी म्हणेल, ही आज्ञा एका फाइलीत लिहावी व ती फाइल चालवावी. पण तसे करून आपला कप्पा बदलत नाही. फाइल चालविण्यासाठी शेल आपलीच वेगळी प्रत निर्माण करतो. कप्पा बदलतो तो त्या प्रतीचा. काम संपताच ती नाहीशी होते आणि आपण जागच्या जागीच राहतो. ही अडचण जुनी आहे. लिनक्स व मॅक ज्या परंपरेतले, ते युनिक्स १९७० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आकार घेत असताना कप्पा बदलण्याची आज्ञा अशीच निकामी ठरली. शेवटी ती शेलच्या पोटातच घालावी लागली. युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे.

टोपणनावाचे तसे नाही. ते वाचताच शेल त्याच्या जागी मूळ आज्ञा ठेवतो व स्वतःच पाळतो. म्हणून कप्पा खरोखर बदलतो. बिल जॉय यांच्या 'सी शेल'मध्ये १९७० च्या दशकाअखेरीस ही सोय होती. १९८९ मध्ये आलेल्या 'बॅश'मध्येही ती आहे. लिहिण्याची रीत अशी (प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीत टाइप कराव्यात):

एलियस निबंध='सीडी ~/मराठी/वर्ष३/निबंध'

यापुढे 'निबंध' एवढे टाइप केले की पुरे. नागमोडी चिन्ह म्हणजे आपला मुख्य कप्पा. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस जागा सोडू नये. खिडकी बंद होताच टोपणनाव पुसले जाते; लिनक्सवर बॅश वापरत असल्यास ते टिकावे म्हणून ही ओळ मुख्य कप्प्यातील 'टिंब बॅशआरसी' या फाइलीत लिहावी. मूळ आज्ञेचेच नाव टोपणनाव म्हणून देऊ नये; शेल आधी टोपणनाव पाहतो व मूळ आज्ञा झाकली जाते.

शेलला शब्दांची अदलाबदल कळते, अर्थ कळत नाही. म्हणून नाव असे ठेवावे, की सहा महिन्यांनी वाचतानाही त्याचा अर्थ आपल्याला लागावा.