अंगावर काढू नकोस

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा पावणेबारा झाले होते. आवाज इतका बारीक की मला आधी वाटलं आईलाच काही झालं. मग तू म्हणालीस, "ताई, एक विचारू? आईला सांगणार नाहीस ना?" पुढची वीस मिनिटं तू रडत होतीस आणि मी नुसती ऐकत होते. शेजारी मनू झोपलेली, त्यामुळे धड बोलताही येईना. जे बोलायचं राहिलं ते आज सगळं निजल्यावर लिहायला बसले आहे. घाई न करता वाच.

तू कोणाबरोबर होतीस, पुढे काय ठरलंय, यातलं मी काही विचारणार नाही. ते कधीतरी निवांत बसू तेव्हा, तुला वाटलं तर सांग. आज फक्त तुझ्या तब्येतीचं बोलू.

तीन आठवड्यांपूर्वी कंडोम फाटला. आठवडाभर अंगावरून पांढरं जातंय, खाज आहे, वास येतो. मैत्रिणीच्या सांगण्यावरून एचआयव्हीची तपासणी केलीस, निगेटिव्ह आली, तरी डोळ्याला डोळा नाही. आणि मेडिकलवाल्याने दिलेलं कॉम्बी किट पर्समध्ये पडून आहे.

ते किट पर्समध्येच राहू दे. त्यातली एक गोळी बुरशीवर असते, बाकीच्या वेगवेगळ्या जंतूंवर. कधी लागू पडतातही, पण तो अंदाजपंचे कारभार झाला. दह्यासारखं घट्ट जातंय आणि आग-खाज आहे, तर बहुधा बुरशी. ती संबंध न आलेल्या मुलीलाही होते, नुसत्या अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरही होते. पातळ आणि मासळीसारखा वास, तर आतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडलेला. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो. तो मात्र संबंधातूनच येतो आणि त्याचं औषध दोघांनी घ्यावं लागतं, नाहीतर तू बरी होशील आणि त्याच्याकडून तो परत तुझ्याकडे येईल. नेमकं काय आहे ते तपासल्यावरच कळेल. आणि डेटॉलच्या पाण्याने आतून धुणं आजपासून बंद. त्याने बिघडलेलं आणखी बिघडतं.

खरं सांगू, तुला जे दिसतंय, जाणवतंय त्याची मला एवढी धास्ती नाही. धास्ती आहे ती न जाणवणाऱ्याची. क्लॅमिडिया म्हणून एक जंतू आहे, आणि दुसरा गनोरियाचा, ज्याला गावाकडे परमा म्हणतात. पुरुषाला निदान लघवीला जळजळ होते, पू येतो, म्हणून तो डॉक्टरकडे जातो तरी. आपल्याला बायकांना बहुतेकदा काहीच जाणवत नाही. जंतू आतल्या आत वर चढतो, गर्भनळ्या सुजतात, चिकटतात, आणि वर्षांनी मूल राहत नाही म्हणून दवाखाने सुरू झाले की उलगडा होतो. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिनच्या सात दिवसांच्या गोळ्या पुरतात. सात दिवस, बास. परम्याला इंजेक्शन लागतं, कारण त्याचे जंतू एकेका गोळीला दाद देईनासे झालेत. अर्धवट, चुकीच्या गोळ्या खाऊन खाऊनच ही वेळ आली आहे.

आपल्या घरात बायका दुखणं अंगावर काढतात. आजीने काढलं, आईने काढलं. आईची कंबर वर्षानुवर्षं दुखत होती, पांढरं जात होतं, आणि ती ते बाईच्या जातीला असायचंच म्हणून सोडून द्यायची. मीही तशीच होते. कशी सुधारले ते आता सांगते.

हे आईला माहीत नाही, आमच्या सासूबाईंना नाही. तुला सांगू का म्हणून संध्याकाळी तुझ्या भावोजींना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "सांग तिला. तिच्या कामाला येईल."

मनूच्या वेळी मला चौथा महिना होता. दवाखान्यात नाव घातलं की रक्त घेतात, त्यात हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्ही, कावीळ ब आणि व्हीडीआरएल असते. रिपोर्ट आणायला गेले तर खिडकीतल्या मुलाने माझं नाव पुकारलं आणि व्हरांड्यातल्या वीस बायकांसमोर मोठ्यांदा म्हणाला, "तुमची व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आहे, मिस्टरांना घेऊन या." शेजारची बाई बाकावर वीतभर सरकली. तिला त्या शब्दाचा अर्थ माहीत असेल असं वाटत नाही. मलाही नव्हता. पण तिचं ते सरकणं मी अजून विसरलेले नाही.

व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची तपासणी. जुनी माणसं जिला गरमी म्हणायची, ती. गरोदरपणात ही तपासणी कधी कधी उगाचच रिॲक्टिव्ह येते, म्हणून खात्रीसाठी टीपीएचए केली. तीही पॉझिटिव्ह आली. भावोजींच्याही दोन्ही आल्या.

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं. लग्नाआधीची गोष्ट होती. जांघेजवळ एक व्रण उठला होता, दुखत नव्हता, खाजत नव्हता, महिनाभरात आपोआप बरा झाला. त्यांना वाटलं, गेलं. सिफिलिस असाच फसवतो. व्रण जातो, जंतू रक्तात राहतो. कुणाला मग तळहाता-तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. पुढे वर्षानुवर्षं काही नाही. आणि बाई गरोदर असेल तर तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. मूल पोटात दगावतं, नाहीतर हाडांत, डोळ्यांत, कानांत दोष घेऊन जन्माला येतं.

उपाय काय, तर पेनिसिलिन. जुनं, स्वस्त, आणि गर्भारणीच्या बाळाला वाचवायला दुसरं कुठलंही चालत नाही. लागण नेमकी कधीची ते माहीत नसलं की चोवीस लाख युनिट, आठवड्याला एकदा, असे तीन आठवडे. माझे तीनही डोस गुरुवारी आले, आणि महिना मार्गशीर्षाचा. पहिल्या गुरुवारी मी घट मांडून, उपाशीपोटी गेले. सिस्टरने विचारलं काय खाल्लंय, मी म्हटलं उपास आहे. तिने हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "आधी खाली जाऊन दोन केळी खाऊन या. देवीचं मी बघते."

औषध दुधासारखं पांढरं आणि घट्ट असतं, सुईतून हळूहळूच उतरतं. आधी मनगटाच्या वर टोचून रिॲक्शन येत नाही ना ते बघतात. मग अर्धं एका कुल्ल्यात, अर्धं दुसऱ्या. पाय अक्षरशः बधिर होतो. नंतर अर्धा तास समोर बसवून ठेवतात. त्या अर्ध्या तासात तुझे भावोजी समोरच्या बाकावर, तेही एका कुशीवर टेकलेले. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. तिसऱ्या गुरुवारी मात्र त्यांनी पिशवीतून केळी काढून माझ्यापुढे धरली. घरी सासूबाईंना वाटत होतं की मी रक्तवाढीची इंजेक्शनं घेते आहे.

तीन आठवडे, आणि संपलं. माझी व्हीडीआरएलची पातळी एकास आठ होती, सहा महिन्यांनी एकास दोनवर आली, म्हणजे औषध लागू पडलं. टीपीएचए मात्र बहुतेकदा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, त्याला घाबरायचं नसतं. मनूचं रक्त जन्मल्यावर तपासलं, काही निघालं नाही. ती आता दुसरीत आहे, पाढे म्हणताना अंगभर नाचते, तू बघतेसच. ते रक्त त्या वेळी कुणी तपासलं नसतं तर, हा विचार मी एका मर्यादेपुढे करत नाही.

आता तुझी निगेटिव्ह आलेली तपासणी. ती खोटी नाही, पण अजून पुरी नाही. लागण झाल्यापासून ती रक्तात दिसेपर्यंत मध्ये काळ जातो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. चौथ्या पिढीच्या तपासणीला साधारण ४५ दिवस लागतात, सरकारी केंद्रातल्या बोटाच्या थेंबावरच्या तपासणीला तीन महिने धरतात. म्हणून तीन महिने पुरे झाल्यावर पुन्हा कर. कावीळ ब, कावीळ क आणि व्हीडीआरएलही तेव्हाच पुन्हा. तोवर संबंध आलाच तर कंडोम हवाच. आणि एक लक्षात ठेव, फुकट तपासणी होते म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन झोपू नकोस. दिलेलं रक्त तपासतात हे खरं, पण विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून निसटून कुणा तिसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं.

पुढे तुझ्या एखाद्या मैत्रिणीवर अशी रात्र आली तर तिला सांग, ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोच. एचआयव्ही टाळण्यासाठी २८ दिवसांच्या गोळ्या देतात, जितक्या लवकर तितक्या चांगल्या. तुझ्या बाबतीत ती वेळ गेली, त्याला आता इलाज नाही, आणि तेवढ्यावरून लागण झालीच असंही नाही.

समजा, आली पॉझिटिव्ह. तेही ऐकून घे, म्हणजे अंधारातलं भूत राहणार नाही. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातली पहिली एचआयव्हीची लागण शोधली. सॉलोमनबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये राहिलेलं मराठी घर. त्या वेळी हातात औषध नव्हतं. २००४ पासून सरकार औषध फुकट देतं, आणि आता बहुतेकांना रोज एक गोळी. ती नेमाने घेतली आणि रक्तातले विषाणू तपासणीत सापडेनासे होऊन तसेच राहिले, की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं आहे, कुणाची समजूत घालायला सांगितलेलं नाही. आणि एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने, संडास वापरल्याने तो होत नाही, हे तुला ठाऊक असलं तरी वेळ आली की माणूस विसरतो.

आता तुझ्या खांद्यावरचं ते मोरपीस. जत्रेत गोंदवून घेतलंस आणि आईला राग येऊ नये म्हणून मीच मध्ये पडले. सुई नवी होती का, शाईची वाटी सगळ्यांना एकच होती का, हे तेव्हा मी विचारलं नाही, ती माझी चूक. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर सुकलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. सुई, दाढीचं पातं, कान टोचायची तार, हॉस्टेलवर चौघींत फिरणारं रेझर, कशातूनही येतो, संबंधातूनही येतो. गुजरातमधल्या मोडासा भागात २००९ साली कावीळ ब ची मोठी साथ आली होती, ती परत परत वापरलेल्या सिरिंजमुळे. गावातल्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं तर नवं पाकीट तुझ्यासमोर फाडायला सांग. राग आला तर येऊ दे.

कावीळ ब ची लस आता बाळांना जन्मतःच देतात, पण देशभर ती सरकारी लसीकरणात आली २०११ च्या सुमारास. तुझ्या जन्माच्या वेळी आपल्याकडे नव्हती, मी आईच्या ट्रंकेतलं तुझं कार्ड बघितलं. म्हणून आधी रक्त तपासायचं, आणि लागण नसेल तर तीन डोस, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्याला. कावीळ क ला लस नाही, पण ती बहुतेकांची बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते. २०१८ पासून दोन्ही काविळींची तपासणी आणि औषध सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरच्या लसीचंही विचारू, ती आता आपल्या पुण्यातच बनते.

जायचं कुठे, तर जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज. तिथे सुरक्षा क्लिनिक असतं, आणि एचआयव्हीसाठी आयसीटीसी, तिथे आधी समुपदेशक बोलतात. केसपेपर काढायचा, घोळका दिसला तरी रांग सोडायची नाही. "वीस वर्षांच्या पुढची बिनलग्नाची" या नजरेने कुणी बघितलंच तर मी आहे शेजारी. एचआयव्हीची तपासणी तुझ्या संमतीशिवाय करता येत नाही, आणि निकाल कुणापुढे वाचता येत नाही. २०१७ चा कायदाच आहे तसा. माझ्या वेळी मी त्या खिडकीशी मान खाली घालून निघून आले. तुझ्या वेळी नाही. मध्यरात्री पुन्हा जीव घाबरला आणि मी उचलला नाही, तर १०९७ ला लाव, नाव विचारत नाहीत.

त्या मुलालाही सांगायला हवं. भांडायला नाही, तपासून घे म्हणायला. जमत नसेल तर समुपदेशकांना सांग, ते तुझं नाव न घेता निरोप कसा द्यायचा ते सुचवतात. तू एकटीने औषध घेऊन भागणार नाही, हे मी त्या बाकावर बसून शिकले.

शनिवारी साताऱ्याहून पहिल्या गाडीने निघते. स्वारगेटला उतरले की फोन करीन. आईला सांगितलंय की तुझ्यासाठी ड्रेसचं कापड घ्यायला चालले आहे, तेव्हा येताना खरंच एक कापड घेऊ. आधार कार्ड आण, त्या निगेटिव्ह तपासणीचा कागद आण, ते किटही आण. आणि घरून पोहे खाऊन नीघ, उपाशीपोटी येऊ नकोस. केळी मी घेऊन येते.