हाडपेर पाहून पैलवान ओळखता येतो का?

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात वेदगंगेच्या काठी मुरगूड हे गाव आहे. या भागातील इतर गावांप्रमाणे मुरगूडलाही कुस्तीची जुनी ओढ. आता तेथे सदाशिवराव मंडलिक राष्ट्रीय कुस्ती संकुल असून मुलांबरोबर मुलीही मॅटवरची कुस्ती शिकतात. तालमीत नवा मुलगा आला की वस्ताद प्रथम त्याचे मनगट, खांदे, मांड्या पाहतात आणि म्हणतात, "पोरगं हाडापेराचं आहे." कधी काहीच बोलत नाहीत, मग घरच्यांनी काय ते समजून घ्यायचे.

हल्ली ही पारख नुसत्या नजरेने होत नाही. क्रीडा प्रबोधिनीसारख्या निवासी केंद्रांसाठी मुले निवडताना उंची आणि वजन मोजतात, ३० मीटर धावण्याची वेळ घेतात, ६ × १० मीटर शटल धाव, जागेवरून उडी, मेडिसिन बॉलची फेक, पुढे वाकून लवचिकता, ८०० मीटर धाव अशा चाचण्या घेतात आणि गुण देतात. जागा थोड्या आणि मुले पुष्कळ. त्यामुळे एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाची पुढची काही वर्षे त्या एका सकाळी ठरतात. निवड झाली तर खुराक, मार्गदर्शक आणि मॅट मिळते. नाही झाली तर तो बहुधा कुस्तीच सोडतो.

तेव्हा विचारण्यासारखा प्रश्न असा: त्या सकाळी आपण नेमके काय मोजले? मुलाची गुणवत्ता की आणखी काही?

आधी घड्याळाचा विचार करू. तेरा वर्षांचा चपळ मुलगा ३० मीटर अंतर साधारण साडेचार सेकंदांत कापतो असे धरू. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६.७ मीटर झाला. स्टॉपवॉच हाताने दाबताना ०.२ सेकंदाचा फरक सहज पडतो आणि तेवढ्यात हा मुलगा १.३ मीटर पुढे गेलेला असतो. दोन मुलांच्या वेळांत ०.१ सेकंदाचे अंतर असेल तर पहिला कोण हे मुलांपेक्षा मोजणाऱ्याच्या अंगठ्याने ठरवले असण्याचा संभव आहे. त्यात आदल्या रात्रीची झोप, रिकामे पोट, ओले मैदान यांची भर पडते. या चुका कधी मुलाच्या बाजूने तर कधी विरुद्ध पडतात. त्यांना यादृच्छिक चुका म्हणतात. त्यांच्यावर उपाय सोपा आहे. तीच चाचणी वेगवेगळ्या दिवशी चार वेळा घेऊन सरासरी काढली की अशी चूक निम्मी होते. नऊ वेळा घेतली तर तिसऱ्या हिश्श्यावर येते.

परंतु दुसऱ्या एका जातीची चूक असते. ती कितीही वेळा मोजले तरी जात नाही, कारण ती दरवेळी एकाच बाजूला पडते.

कॅलेंडरचे वय आणि हाडांचे वय

सातवी-आठवीच्या वर्गात नजर टाका. एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांत एखाद्याला मिसरूड फुटलेले असते, तर दुसरा अजून पाचवीतला वाटतो. दोघांचेही वाढणे निरोगी असते, फक्त त्यांचे वेळापत्रक निराळे. मुलांमध्ये उंची वाढण्याचा वेग साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत जास्त असतो. त्या काळात वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर उंची वाढू शकते. मुलींमध्ये हा टप्पा सुमारे दोन वर्षे आधी येतो. म्हणूनच सहावी-सातवीत मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि त्यांना एकाच तक्त्याने मोजणे चुकीचे ठरते. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात कोणाची झेप बाराव्या वर्षी येते, तर कोणाची सोळाव्या.

हे वेळापत्रक हाडांत लिहिलेले असते. लहान मुलाच्या हाताच्या क्ष-किरण चित्रात बोटांच्या हाडांच्या टोकांशी काळ्या फटी दिसतात. तो खरे तर कूर्चेचा थर असतो आणि हाड तेथेच लांबते. वय वाढते तशी कूर्चा हाडात बदलत जाते व शेवटी फट मिटते. पंजा आणि मनगट मिळून एका हातात २७ हाडे असतात. त्यांच्या अवस्था प्रमाणचित्रांशी ताडून डॉक्टर मुलाचे 'हाडांचे वय' सांगतात. जन्मतारखेने तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एकाचे हाडांचे वय अकरा आणि दुसऱ्याचे पंधरा असू शकते. वस्तादांना जे भरदार हाडपेर दिसले ते आनुवंशिक असेल, किंवा नुसते लवकर आलेले असेल. एका दृष्टिक्षेपात हा फरक कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, महादू आणि दत्ता दोघेही तेरा वर्षांचे आहेत. महादूची उंची १५८ सेंटिमीटर, दत्ताची १४६. महादूचे वडील १६५ आणि आई १५२ सेंटिमीटर. दत्ताचे वडील १७५ आणि आई १६०. मुलाची प्रौढ उंची अदमासण्याची एक ढोबळ रीत आहे: आईवडिलांच्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचे. (मुलीसाठी १३ वजा करतात.) याप्रमाणे महादूची उंची सुमारे १६५ आणि दत्ताची १७४ येते. अंदाजात आठ-नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकते हे लक्षात ठेवावे. आता भागाकार करा. महादूने आपल्या अंदाजित उंचीचा सुमारे ९६ टक्के भाग गाठला आहे आणि दत्ताने ८४ टक्के. महादू वाढीच्या शेवटाकडे आला आहे, तर दत्ताची मोठी झेप अजून यायची आहे. दोघांना आज झुंजवले तर महादू जिंकेल. त्यात आश्चर्य नाही, आणि त्यातून फारसे काही कळतही नाही. महादूची आजची ताकद खोटी नव्हे, ती आगाऊ मिळालेली आहे. स्नायूंची ताकद तर उंचीच्या झेपेनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षभराने जोराने वाढते.

कुस्तीत वजनगट असतात, मग हा प्रश्न उरतोच कुठे, असे कोणी म्हणेल. वजनगटांनी अन्याय कमी होतो, संपत नाही. बेचाळीस किलोच्या दोन मुलांत एक लवकर वाढलेला, दुसरा उशिरा वाढणारा असू शकतो. शिवाय ऐन झेपेच्या काळात हातपाय धडापेक्षा आधी लांबतात. काही मुले तेव्हा अडखळू लागतात आणि येत असलेले डावही फसतात. नेमकी त्या महिन्यात चाचणी आली तर चांगला मुलगा मागे पडतो.

वयोगटाचाही असाच परिणाम होतो. शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील, सतरा वर्षांखालील असे गट वर्षाच्या एका ठरावीक तारखेवरून करतात. ती तारीख १ जानेवारी धरली तर जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात आणि दोघांत जवळजवळ एक वर्षाचे अंतर राहते. कॅनडातील बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली बर्फावरच्या हॉकीतील खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची संख्या फार जास्त निघाली. जानेवारीच्या हवेत काही जादू नाही. ती मुले गटात थोरली होती म्हणून लहानपणी निवडली गेली, निवडली गेली म्हणून त्यांना जास्त सराव मिळाला, आणि सरावामुळे ती खरोखरच पुढे गेली. चुकीच्या निवडीने पुढे स्वतःला खरे करून दाखवले, असा हा प्रकार!

सर्वांत पैसेवाल्यांचीही फसगत

मुले पारखण्यावर सर्वांत जास्त खर्च कोण करत असेल, तर अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघ. तेथे १९६५ पासून दरवर्षी शाळा-कॉलेजांतील हौशी खेळाडूंची निवड होते. संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. त्याआधी पारखी लोक गावोगाव हिंडून मुलांचे सामने पाहतात आणि फटका, ताकद, धाव, झेल, फेक या पाच अंगांना २० ते ८० या मापात गुण देतात. ५० म्हणजे सरासरी. एवढे करूनही १९६६ साली पहिल्या क्रमांकाने उचललेला स्टीव्ह चिलकॉट हा खेळाडू दुखापतींमुळे सर्वोच्च साखळीत एकही सामना खेळू शकला नाही. त्याच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकाने उचललेला रेजी जॅक्सन मात्र त्या खेळातील नामवंतांच्या दालनात जाऊन बसला. १९८८ साली माइक पियाझा याला ६२व्या फेरीत घेतले, तेव्हा त्याच्या आधी १३८९ नावे उचलून झाली होती. तोही २०१६ साली त्याच दालनासाठी निवडला गेला. याचा अर्थ पारखी लोक मूर्ख होते असा नव्हे. पहिल्या फेऱ्यांतील खेळाडू एकंदरीत जास्त यशस्वी होतातच. प्रश्न खात्रीचा आहे.

हजारांतले दहा

ही खात्री का मिळत नाही हे साध्या गणिताने समजते. समजा, हजार मुले चाचणीला आली आणि त्यांपैकी खरोखर अव्वल पैलवान होण्याजोगी दहाच आहेत. आपली चाचणी चांगली आहे असे मानू. त्या दहांतील आठ जणांना ती बरोबर ओळखते आणि उरलेल्या ९९० पैकी फक्त दहा टक्क्यांना चुकून उत्तीर्ण करते. दहा टक्के म्हणजे ९९ मुले. एकूण निवडले गेले १०७, त्यांत खरे आठ. शेकडा साडेसातदेखील नीट भरत नाहीत! दोष चाचणीपेक्षा गोष्टीच्या दुर्मिळपणाचा जास्त आहे.

आता या १०७ जणांना पुन्हा तशीच चाचणी द्या. खऱ्या आठांतील सुमारे सहा आणि बाकीच्या ९९ मधील सुमारे दहा उत्तीर्ण होतील. सोळांत सहा. बरीच सुधारणा झाली. पण तेवढ्यात खऱ्या दहांतील चौघे बाहेर राहिले. शिवाय येथे एक मेख आहे. दुसऱ्या चाचणीतील चुका पहिलीपेक्षा स्वतंत्र असल्या तरच हे गणित लागू पडते. महादूची चाचणी आठवड्याने घेतली तर घड्याळाची चूक बदलेल, पण तो दत्तापेक्षा लवकर वाढलेलाच असेल. ती चूक धुऊन काढायला सरासरी नव्हे, काळ लागतो. एक-दोन वर्षे जाऊ द्यावी लागतात किंवा वाढीचा हिशेब धरून तुलना करावी लागते. इंग्लंडमधील फुटबॉल संघांनी अलीकडे मुलांना वयाऐवजी 'प्रौढ उंचीच्या किती टक्के' यावरून गट पाडून खेळवण्याचे प्रयोग केले, ते याच कारणाने. यासाठी क्ष-किरणांची गरज नाही आणि निरोगी मुलांवर नुसत्या निवडीसाठी त्यांचा उपयोग करूही नये. दर तीन महिन्यांनी घेतलेली उंची, बसून मोजलेली उंची आणि आईवडिलांची उंची एवढ्या नोंदींवर पुष्कळ भागते. बाहेर राहिलेल्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे हाही त्याचाच भाग आहे. माझ्या मते निवड-पद्धतीत सुधारायची पहिली गोष्ट हीच.

दुसरी गोष्ट वस्तादांकडून घ्यावी. अनुभवी वस्ताद नवा डाव एकदा दाखवतात आणि आठ दिवसांनी पाहतात की पोराने तो किती उचलला. म्हणजे ते पातळी न मोजता बदल मोजतात. खाशाबा जाधवांचेच पाहा. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील हा विद्यार्थी १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा आला. मातीत घडलेल्या मल्लाला मॅट नवखी होती. चार वर्षांनी १९५२ साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९४८ च्या आकड्यावरच शिक्का मारला असता तर सहावा क्रमांक एवढेच दिसले असते. १९५२ च्या निवडीत ते एका गुणाने मागे पडले होते आणि पुन्हा कुस्ती लावल्यावर त्यांनी ती सहज मारली, अशीही हकीकत सांगतात.

करून पाहा

आपल्या शाळेच्या कबड्डी, खो-खो, कुस्तीच्या संघांतील मुलांचे जन्ममहिने शिक्षकांच्या परवानगीने मिळवा. नावे लिहू नका, फक्त महिने लिहा. जानेवारी–मार्च, एप्रिल–जून असे चार गट करून स्तंभालेख काढा. संघात नसलेल्या तितक्याच मुलांचा दुसरा आलेख काढून शेजारी ठेवा. जुन्या रजिस्टरांवर मात्र विसंबू नका. पूर्वी जन्मतारीख ठाऊक नसली की शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून गुरुजी खुशाल '१ जून' लिहीत. त्या रजिस्टरांवरून निम्मे गाव जूनमध्ये जन्मल्यासारखे दिसेल!

मग वर्गातील वीस जणांच्या ६ × १० मीटर शटल धावेची वेळ घ्या. त्यातले पहिले पाच वेगळे लिहून ठेवा आणि चार दिवसांनी सगळ्यांची वेळ पुन्हा घ्या. वेळ घेणारा दोन्ही दिवशी तोच असू द्या, पण पहिल्या दिवसाचे आकडे त्याला दाखवू नका. पहिल्या पाचांतील किती जण दुसऱ्या दिवशीही पहिल्या पाचांत आले? त्या पाच जणांची सरासरी वेळ वाढली की घटली? शेवटच्या पाच जणांचे काय झाले? दोन्ही दिवसांचे आकडे आलेख-कागदावर मांडा: आडव्या अक्षावर पहिला दिवस, उभ्यावर दुसरा. ठिपके एका रेषेजवळ आले तर चाचणी भरवशाची. ते विखुरले तर किती विखुरले ते पट्टीने मोजा आणि कागद आपल्या क्रीडाशिक्षकांना दाखवा.